मधल्या वेळचं खाणं, जेवण आणि व्यायाम : वजन उतरवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आहारसल्ल्याच्या कामात तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. कॅलरींचे आकडे अंदाजाचे आहेत. तुमच्या घरची पळी माझ्या पळीपेक्षा मोठी असेल तर आकडाही मोठा धरा.

वजन कमी करायचं तर मधल्या वेळचं खाणं बंदच करायला हवं का?

नाही. ते हिशेबात धरायला हवं. भेटायला येणाऱ्यांना मी दिवसभरात काय खाल्लं ते विचारते, तेव्हा सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण अगदी भाजीच्या नावानिशी सांगतात. मधलं काही विचारलं की "काही नाही हो, असंच येता-जाता." हे येता-जाता म्हणजे डब्यातून काढलेली चिवड्याची मूठ, चहाबरोबरची खारी, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक, भाजी झाली का बघताना चाखलेले दोन चमचे. त्यासाठी ताट घेतलेलं नसतं, त्यामुळे ते जेवण वाटत नाही. पोटाला मात्र ताट दिसत नाही.

चार वाजता कडकडून भूक लागते. तेव्हा नक्की काय खाऊ?

आधी दुपारी काय जेवलात ते आठवा. दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी एवढंच डब्यात असेल तर चारला भूक लागणारच, त्यात तुमचा दोष नाही. डब्यात मोड आलेल्या मटकीची उसळ, घट्ट वरण, दही किंवा अंडं, म्हणजे प्रथिनाचं काहीतरी असलं आणि सोबत काकडी-टोमॅटो-गाजर असलं तर तीच भूक साडेपाच-सहापर्यंत लांबते.

तरीही लागली तर सालीसकट फुटाणे. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम फुटाण्यांत ११० च्या आसपास कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि चावायला वेळ लागतो. तेवढ्याच वजनाच्या शेवेत १६० च्या वर कॅलरी असतात आणि ती दोन मिनिटांत संपते. शेंगदाणे चांगले, पण मोजून. तीस ग्रॅमला १७० कॅलरी होतात, आणि शेंगदाण्यांच्या वाटीत एकदा हात गेला की तो कधी थांबतो हे आपल्याला ठाऊक आहे. भाजक्या पातळ पोह्यांचा किंवा कुरमुऱ्यांचा चिवडा घरी केलेला आणि फोडणी बेताची असेल तर चालतो. तळलेल्या पोह्यांचा चिवडा ही अगदी वेगळी वस्तू आहे, नाव एक असलं तरी. फळ, ताक, उकडलेलं अंडं, उरलेली उसळ, यांतलं काहीही घ्या.

मात्र वाटीत काढून घ्या. डबा मांडीवर घेऊन बसू नका. इतकी साधी सूचना, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. मी स्वतः पातळ पोह्यांच्या चिवड्याचा डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवते, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही अशा जागी. स्टूल आणावं लागलं की निम्म्या वेळा भूक नव्हतीच असं लक्षात येतं.

डायजेस्टिव्ह, मारी, ‘डाएट चिवडा’ चालेल ना?

पाकिटावरचं ‘डाएट’ हे नाव आहे, गुणधर्म नाही. मागची बारीक अक्षरं वाचा आणि आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका ‘सर्व्हिंग’चे ते बघा. साध्या मारीच्या चार बिस्किटांत शंभरेक कॅलरी जातात आणि भूक होती तिथेच राहते. एका डायजेस्टिव्हमध्ये सत्तरच्या आसपास. खारीचे पदर तर तेला-तुपानेच सुटतात.

मी खरंच फार खात नाही. तरी वजन का उतरत नाही?

तुम्ही खोटं बोलत नाही. पण दोन जागा सहसा मोजायच्या राहतात.

पहिली जागा तेलाची. घरात महिन्याला तेल किती येतं ते आठवा. चार माणसांत पाच लिटरचा कॅन महिन्याला संपत असेल तर माणशी दिवसाला ४२ मिलिलिटर होतं, म्हणजे आठ लहान चमचे आणि जवळपास ३४० कॅलरी. ताटात ते कुठेच दिसत नाही. ते भाजीवरच्या तवंगात, कणकेच्या मोहनात, पोळीला लावलेल्या हातात आणि दर दोन दिवसांनी होणाऱ्या भज्या-पापडांत असतं. तोच कॅन तीन लिटरवर आणला तर माणशी दिवसाला १३० ते १४० कॅलरी कमी होतात. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. कागदावरच्या गणिताने महिन्याला अर्धा किलो, तेही एकही पदार्थ न सोडता. प्रत्यक्षात थोडं कमी उतरेल, पण सुरुवात इथून करा. पोळ्यांना मावशी येत असतील तर त्यांना एकदा नीट सांगा. "कमी तेल" म्हणू नका, चमचा हातात द्या. बुधलीतून ओतलेलं तेल कधीच कमी नसतं.

दुसरी जागा उरल्यासुरल्याची. एक काकू यायच्या, साठीच्या आतल्या. त्यांची वही चोख होती, ताटातलं सगळं मोजलेलं. दोन महिने काटा हलेना. मग एकदा बोलता बोलता निघालं की नातवाच्या डब्यात परत आलेली अर्धी पोळी-साखर, सुनेने टाकलेला पोह्यांचा घास, पातेल्याच्या तळाचा भात, हे सगळं त्या ओट्याशी उभ्यानेच संपवत होत्या. "टाकायचं कसं अन्न?" हा त्यांचा प्रश्न मला खोडता आला नाही, अजूनही येत नाही. आम्ही एवढंच ठरवलं की उरलेलं डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि संध्याकाळी चार वाजताचं खाणं म्हणून तेच, बसून खायचं. वाया काही गेलं नाही आणि वजन उतरायला लागलं.

रोज पाऊण तास चालते, तरी काटा तिथेच. असं का?

सत्तर किलोचं माणूस पाऊण तासात चारेक किलोमीटर चाललं तर २०० च्या आसपास कॅलरी खर्च होतात. त्यातल्या काही तर खुर्चीत बसूनही झाल्या असत्या. एका वडापावात तीनशेच्या घरात कॅलरी असतात. म्हणजे चालून आल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीशी थांबलात तर चालणं पुसलं गेलं आणि वर थोडं शिल्लक राहिलं.

पुण्यातल्या माणसाला हे सिंहगडावरून पटकन समजतं. आतकरवाडीतून पायथा ते माथा साधारण ६०० मीटरची चढण आहे. तेवढं चढायला सत्तर किलोच्या माणसाला चार-पाचशे कॅलरी लागतात, घाम गाळून. वर पोचल्यावर कांदाभजीची प्लेट, मग पिठलं-भाकरी, ठेचा, वर मडक्यातलं दही, आणि "एवढं चढलोय, आता काय!" या एका वाक्यावर आणखी एक भजी. चढण तिथल्या तिथे भरून निघते. दर रविवारी गड चढणारे आणि तरी दरवर्षी किलोभर वाढणारे मला डझनाने माहीत आहेत. मी स्वतः त्यांतली होते. (भजी सोडा असं मी म्हणणार नाही. गडावर जाऊन पिठलं-भाकरी न खाणाऱ्या माणसाशी माझं जमायचं नाही. एक प्लेट भजी चौघांत घ्या.)

मग व्यायाम करायचाच कशाला?

वजन उतरतं ते मुख्यतः खाण्यातून. पण उतरलेलं टिकतं ते व्यायामामुळे, आणि उतरताना स्नायूंऐवजी चरबी जावी यासाठीही व्यायाम लागतो. आपल्या लोकांना याची गरज जरा जास्तच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, हा आपला नेहमीचा साचा.

म्हणून नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. जिमला जाणं जमत नसेल तर बैठका, भिंतीला टेकून जोर, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात. आजोबांच्या पिढीतले जोर-बैठका काही वाईट नव्हते. बाकी जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचा आहे. मध्यम म्हणजे बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही इतका.

दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का?

दहा हजार हा आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असा होता. प्रयोगशाळेतून तो निघालेला नाही. तीन हजार चालत असाल तर पाच हजार करा. रात्री साडेअकराला हॉलमध्ये फेऱ्या मारून आकडा पुरा करणाऱ्यांनी त्याऐवजी झोपावं. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं जास्त खावंसं वाटतं.

दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं? घरात यावरून दोन तट पडलेत.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत पडलेत. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत : कडाडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मधे काही नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दुसरीकडे ऋजुता दिवेकरांचं सांगणं : थोडं थोडं, दोन-तीन तासांनी, घरचं आणि हंगामातलं, तुपाला न घाबरता. दोन्हीकडचे अनुयायी एकमेकांकडे सोयऱ्यांच्या भांडणात बघावं तसे बघतात.

माझं मत विचाराल तर भांडण जितकं वाटतं तितकं मोठं नाही. एकूण कॅलरी सारख्या ठेवल्या तर त्या दोनदा खाल्ल्या की सहादा, वजनात फारसा फरक पडत नाही, असंच अभ्यासांतून एकूण दिसतं. ‘दोनदाच’चा फायदा असा की येता-जाता खाणं एका फटक्यात बंद होतं. साखरेचा चहाही बंद होतो, आणि चार चहा पिणाऱ्याला तेवढ्यानेच फरक दिसतो. तोटा असा की काही जण त्या ५५ मिनिटांत लग्नाची पंगत असल्यासारखे जेवतात. ‘थोडं थोडं’चा फायदा म्हणजे कुणी भुकेने वखवखत नाही, तोटा असा की प्रत्येक वेळचं थोडं हळूहळू बरंच होतं. तुमचा स्वभाव बघा. एकदा सुरू केलं की थांबता न येणाऱ्यांना दोनदा बरं पडतं. भूक लागली की घर डोक्यावर घेणाऱ्यांना मधे एक मोजकं खाणं हवंच.

एक गोष्ट मात्र स्वभावावर सोडायची नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, आणि ते रस्त्यावर झालं तर जिवावर बेततं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच वाढत्या वयातल्या मुलांनीही असले प्रयोग करू नयेत.

आठवड्यातून दोन उपवास करते. उपयोग होईल ना?

एकादशी आणि दुप्पट खाशी, हे काही मी शोधून काढलेलं नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. प्रथिनं नावालाही नाहीत. एका बऱ्यापैकी ताटलीत साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा आणि तूप मिळून साडेचारशे-पाचशे कॅलरी होतात. दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी वेफर्स, मधे शेंगदाण्याचा लाडू. इतकं तर एरवीही खात नाही. श्रद्धेने करत असाल तर जरूर करा, पण ताटात भगर, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर (दाण्याचं कूट चमचाभरच), ताक आणि फळ ठेवा. वजनासाठीच करत असाल तर सोडून दिलात तरी चालेल.

भात सोडू का?

नको. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात १३० कॅलरी असतात, एका मध्यम पोळीत शंभर-सव्वाशे. प्रश्न भाताचा नाही, त्याच्या ढिगाचा आहे. भाताएवढंच वरण घ्या आणि भाजी दोघांहून जास्त. ज्वारीची भाकरी पौष्टिक खरी, पण थापलेली मोठी भाकरी दोन पोळ्यांच्या बरोबरीची असते. दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या खाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

साखरेऐवजी गूळ? सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू?

गूळ आणि साखर यांच्या कॅलरींत नाव घेण्यासारखा फरक नाही. मध-लिंबू पाण्याने चरबी वितळत नाही. चमचाभर मधाच्या वीस कॅलरी तेवढ्या पोटात जातात. आवडत असेल तर प्या.

चहा किती चालेल?

चहाच्या पावडरीत काही नाही, जे आहे ते दुधात आणि साखरेत. दोन चमचे साखरेच्या कपभर चहात ऐंशी ते शंभर कॅलरी. असे चार कप म्हणजे एक जेवण होतं, चघळायला काहीच नसलेलं. एकदम बिनसाखरेचा पिऊ नका, दोन दिवसांत सोडाल. आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. महिन्याभराने अमृततुल्यवाल्याकडचा चहा पिववत नाही इतका गोड लागतो, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय.

फक्त पोट कमी करायचंय. कुठला व्यायाम?

असा व्यायाम नाही. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू घट्ट होतात. त्यावरची चरबी सगळ्या अंगाबरोबर आणि स्वतःच्या क्रमानेच जाते. घेर मात्र मोजत राहा. पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर. पोट आत ओढून मोजलं तर फसणारे आपणच.

किती वजन कमी करायचं आणि किती दिवसांत?

आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य तक्त्यांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत, त्यामुळे इंटरनेटवरचं परदेशी गणकयंत्र बघून खूश होऊ नका. आठवड्याला अर्धा किलो हा बरा वेग. एक किलो ही वरची हद्द. ऐंशी किलोच्या माणसाचे चार ते आठ किलो उतरले तरी रक्तदाब, साखर, गुडघे सगळीकडे फरक जाणवतो. कॉलेजातल्या वजनावर परत जायची गरज नाही.

पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले, मग थांबलंच.

पहिले दोन किलो बरेचसे पाण्याचे होते. शरीरात साठवलेली पिष्टमय साखर वापरली जाते, तिच्याबरोबर तिच्या जवळजवळ तिप्पट पाणी निघून जातं. नंतर जे हळू उतरतं ती चरबी. शिवाय लोणचं-पापड खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाळीच्या आधी, काटा किलो-दीड किलो वर दाखवतो. म्हणून आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी, सकाळी उठल्यावर वजन करा. तीन-चार आठवडे खरंच काही हललं नाही तर पुन्हा आठ दिवस वही लिहा. बहुतेक वेळा वाटी मोठी झालेली सापडते.

शनिवारी मित्रांबरोबर ‘बसणं’ होतं.

साठ मिलिलिटरचा एक पेग १४० कॅलरींचा. पण खरा घात चखण्याने होतो. दुसऱ्या पेगनंतर मसाला पापड, तळलेले शेंगदाणे आणि चिकन लॉलीपॉप कोण मोजतं? आधी घरी जेवून जा, आणि जाणं कमी करा.

थायरॉइडमुळे वजन वाढलंय, मग काय उपयोग?

थायरॉइड कमी असेल तर वजन वाढतं, पण सहसा दोन ते पाच किलो, तेही बरंचसं पाण्याचं. गोळी नीट चालू असेल तर बाकीचे पंधरा किलो थायरॉइडच्या नावावर टाकू नका. वजनाची नवी इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडेही मिळतात आणि त्यांनी भूक खरंच कमी होते. पण ती डॉक्टरांनी तपासून द्यायची असतात, आणि बंद केली की गेलेलं वजन बरंचसं परत येतं. मैत्रिणीने घेतली म्हणून घेण्याची ती वस्तू नाही.

दिवाळीत काय करायचं?

बेसनाचा एक लाडू दोनशे कॅलरींच्या घरात. तो नाश्ता म्हणून खा, नाश्त्यावर नको. फराळ कमी करा आणि केलेला वाटून टाका. दिवाळीच्या चार दिवसांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते तुळशीच्या लग्नापर्यंत पुरलेल्या शंकरपाळ्यांच्या डब्याने.

लोकांकडे गेलं की आग्रह होतो. नाही कसं म्हणायचं?

"डाएट चालू आहे" असं म्हणू नका. लगेच "एका पुरीने काय होतंय" सुरू होतं आणि सगळं घर तुमच्या ताटाकडे बघायला लागतं. पहिल्या वाढपालाच सगळं थोडं घ्या, सावकाश जेवा, ताट रिकामं दिसू देऊ नका. रिकामं ताट दिसलं की वाढणारीचा हात थांबत नाही. आवडलेल्या पदार्थाचं तोंडभरून कौतुक करा आणि कसा केला ते विचारा, सांगता सांगता वाढणं राहून जातं. अगदीच ऐकेनात तर "डब्यात द्या, उद्या खाईन" म्हणा. ते दुसऱ्या दिवशी घरात चौघांत वाटलं जातं. डबा अर्थात रिकामा परत द्यायचा नाही, तेव्हा त्यात काय घालून पाठवायचं ते आधी ठरवून ठेवा. माझ्याकडून जवसाची चटणी जाते.